जांभळं कपाळ आणि गोळ्यावाली नेरिस

बुधवारी सकाळी साडेआठच्या सुमारास एल्वेड वॉनने आपल्या सख्ख्या मेव्हण्याच्या कपाळावर मेंढ्यांचं औषध फवारलं.

हेतू अगदी शुद्ध होता. मेंढीचा खूर सडायला लागला की त्यावर मारायचा एक जांभळा फवारा मिळतो. त्याचा डबा एल्वेडच्या शेडच्या खिडकीत बारमाही उभा असतो. आजवर त्या डब्याने एल्वेडने शेकडो मेंढ्यांचे खूर, कुत्र्याचा कान, स्वतःचा अंगठा आणि एकदा ट्रॅक्टरच्या सीटला पडलेली चीरसुद्धा बरी केली होती. त्यामुळे त्याची बायको मेन्ना हिचा भाऊ इथेल डाव्या भुवईवर लाल पुरळ घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा एल्वेडला फारसा विचार करावा लागला नाही.

"चिलटं चावलीत," तो म्हणाला. "डोळे मीट."

इथेलने डोळे मिटले. त्या सकाळी बरोबर झालेली ती एकमेव गोष्ट.

डबा जुना, त्याचं तोंड तुंबलेलं. एल्वेडने बोटाने दाबलं, मग अंगठ्याने दाबलं, मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कपाळाची डावी बाजू, भुवई, पापणी, केसांची कड आणि कानाची पाळी असा सगळा मुलूख उकडलेल्या बीटच्या रंगाचा झाला.

इथेल ओरडला नाही, कारण इथेल बोलतच नव्हता. शनिवारी खोऱ्यातल्या गायनवृंदांची स्पर्धा होती आणि आमच्या कुम-एरिन गावच्या वृंदात मधल्या कडव्याचा एकट्याने गायचा तुकडा इथेलचा होता. आमच्याकडे स्पर्धेच्या आठवड्यात मुख्य गायक मौन धरतो. गळा जपायचा असतो. त्याच्या वतीने घरचे बोलतात आणि फारच निकड पडली तर तो पाटीवर लिहितो. या गावात छपरं पाटीच्या दगडाची, कुंपणं पाटीच्या दगडाची, त्यामुळे लिहायला तुकडा कुठेही सापडतो. इथेलने कोटाच्या खिशातून आपला तुकडा काढला, त्यावर खडूने लिहिलं, 'झालं?' आणि एल्वेडपुढे धरला.

"झालं," एल्वेड म्हणाला. आणि मग त्याने इथेलकडे नीट बघितलं.

एल्वेड वृंदाचा सेक्रेटरी. त्याला गाता येत नाही म्हणून त्याला सेक्रेटरी केलं होतं. बस ठरवणं, चहाची सोय बघणं आणि इथेलला सुखरूप स्टेजपर्यंत पोचवणं ही त्याची कामं. कुम-एरिनने स्पर्धा जिंकून बावीस वर्षं झाली होती आणि यंदा इथेल गायला की कप आपला, असं गावात कपासाठी कपाटातली जागा पुसून ठेवण्याइतकं ठरलेलं होतं.

तेवढ्यात मेन्ना आली.

"एल्वेड, हा माझा भाऊ आहे."

"माहीत आहे मला."

"मग खूर समजून का रंगवलास त्याला?"

"अगं, चिलटं चावली होती."

"आणि शनिवारी? परीक्षक बाई म्हणेल, दुसऱ्या रांगेत बीट उभं केलंय आणि ते गातंय."

मग साबण झाला. व्हिनेगर झालं. ट्रॅक्टरच्या ग्रीससाठी असते ती पेस्ट एल्वेड घेऊन आला, तेव्हा मेन्नाने त्याच्या हातून ती काढून घेतली. रंग जिथल्या तिथे राहिला, फक्त त्याच्या भोवती नवी लाली आली. इथेलने पाटीवर लिहिलं, 'शनिवार?' आणि खाली दोन रेघा मारल्या.

"नेरिसकडे जा," मेन्ना म्हणाली.

आता नेरिस कोण, ते सांगायला हवं. कुम-एरिनमध्ये आडनाव फक्त थडग्यावर वापरतात. निम्मं गाव जोन्स आणि उरलेलं विल्यम्स, तिथे आडनावाने कोण कुणाला शोधणार? म्हणून माणूस धंद्याने ओळखला जातो. एम्लिन ब्रेडवाला, हॅरी मटणवाला. कोळशेवाल्याचा नातू कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण तोही कोळशेवालाच. आणि मिसेस नेरिस प्रोबर्ट, औषधशास्त्राची पदवीधर, चौकातल्या दुकानाची मालकीण, ती गेली अडतीस वर्षं गोळ्यावाली नेरिस. ती मेली तरी थडग्यावर प्रोबर्ट लिहिलेलं वाचून लोक विचारतील, ही कोण बुवा?

बाई उंचीला बेताची, पांढरे केस कानापाशी कापलेले, चष्मा डोक्यावर आणि तो शोधत असलेला हात काउंटरवर. आवाज असा की कुजबुजली तरी दाराबाहेर बांधलेला कुत्रा कान टवकारतो. कुणाला कशाने खाज येते, कुणाचं पोट कधी साफ होतं, कोण झोपेच्या गोळ्या मागतो आणि का मागतो, हे सगळं तिच्या डोक्यात. एवढ्या सामग्रीवर दुसरी कुणी असती तर गावावर राज्य केलं असतं. नेरिसने ते सगळं मिटलेल्या तोंडात ठेवलं आणि उघड्या तोंडाने फक्त रागावली.

पूर्वी गावात डॉक्टर होता. मग वरच्या साहेबांनी दवाखाना चौदा मैलांवर नेला, तिथल्या फोनवर एक गोड आवाजाची मुलगी भरून ठेवली आणि ती मुलगी दिवसभर सांगू लागली की किरकोळ आजारांसाठी कृपया आपल्या औषधवाल्याकडे जा. किरकोळ म्हणजे काय, ते साहेबांनी ठरवलं. घसा किरकोळ, कान किरकोळ, डोळे येणं किरकोळ, गजकर्ण, मूळव्याध, लघवीची जळजळ, सगळं किरकोळ. ज्याला होतं त्याला सोडून सगळ्यांना किरकोळ. सोबत साहेबांनी एक पोस्टरही पाठवलं. त्यावर एक तरुण औषधवाली दात दाखवून हसते आहे. नेरिसने ते दारावर लावलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'हसण्यासाठी ही. औषधासाठी आत या.'

आत म्हणजे दुकानाच्या मागच्या बाजूला. पूर्वी वजनकाटा होता त्या जागी फळ्या ठोकून एक खोली केली आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन, आणि तिसरा माणूस शिरला तर एकाने श्वास घेताना दुसऱ्याने सोडायचा. बाहेर चार खुर्च्यांवर रांग. रांगेचं निदान नेरिसच्या आधी होतं. आत गेलेला माणूस दोन मिनिटांत बाहेर आला तर सर्दी. पाच मिनिटं लागली तर घसा. नऊच्या पुढे गेलं की बाहेरच्या खुर्च्या आवाज न करता दाराकडे सरकतात.

म्हणून कुम-एरिनमध्ये कुणालाच स्वतःला काही होत नाही. जे होतं ते चुलतभावाला होतं. "माझ्या चुलतभावाला बसताना त्रास होतो." नेरिस विचारते, "चुलतभाऊ उभा राहूनच जेवतो का हल्ली?" चुलतभाऊ हो म्हणतो. ती मलम देते, चुलतभावाने ते कसं लावायचं ते सांगते, आणि चुलतभाऊ लालबुंद होऊन घरी जातो. चॅपलच्या पाद्रीसाहेबांना चुलतभाऊ नव्हता, म्हणून त्यांनी एका परिचिताच्या पायाच्या बोटांत खाज आणली. "परिचिताला म्हणावं, बूट काढून खुर्चीत बसा," नेरिस म्हणाली. पाद्रीसाहेबांनी खाली वाकून बूट काढले.

आणि एवढं करून लोकांना हवं काय असतं, तर जालीम काहीतरी. हॅरी मटणवाला सर्दीत दर वर्षी येतो.

"जालीम दे, नेरिस. ते अँटिबायोटिक का काय ते."

"पाणी पी."

"पाणी जालीम आहे का?"

"तू कधी प्यायला नाहीस, त्यामुळे तुला जालीमच वाटेल."

हॅरी नाराज होऊन जातो आणि गावभर सांगतो की गोळ्यावाली गोळ्याच देत नाही. आठ दिवसांनी बरा होतो. श्रेय आईच्या कांद्याच्या रश्शाला.

तर अशा या बाईच्या दुकानात एल्वेड बुधवारी साडेदहाला इथेलला घेऊन शिरला. इथेलची टोपी नाकापर्यंत ओढलेली. तो काउंटरला धडकला, तेव्हा एल्वेडने त्याला वळवला. रांगेत ओल्वेन काकू पहिल्या खुर्चीवर गुडघा धरून बसल्या होत्या.

"इथेलला काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. गळा जपतोय."

"टोपीत?"

नेरिसने चष्म्यातून दोघांकडे पाहिलं, काकूंना "दोन मिनिटं" म्हणाली आणि दोघांना मागच्या खोलीत ढकललं. दार लावलं. बाहेर खुर्च्या सरकल्या.

"टोपी काढ."

इथेलने काढली.

"ही कोणती मेंढी, एल्वेड?"

"चिलटं चावली होती त्याला. मी आपलं थोडंसं... तू फक्त रंग काढायचं काहीतरी दे. आज सातला तालीम आहे."

"कधीपासून आहे हे?"

"रंग? साडेआठपासून."

"पुरळ. आणि मी तुला विचारत नाहीये."

"तो बोलत नाही. शनिवारपर्यंत."

"का? जीभही फवारलीस?"

एल्वेडने मौनाचा नियम समजावून सांगितला. नेरिस याच गावची, तिला तो ठाऊक होता. पण तिने तो पुरता ऐकून घेतला, जसा ती चुलतभावाचा आजार ऐकते. इथेलने पाटी पुढे केली. त्यावर लिहिलं होतं, 'मी बरा आहे.'

"हे सांगायला मैलभर आलास?" नेरिसने दिवा ओढून त्याच्या तोंडावर आणला. कापसाने कपाळावर हलकेच टेकवून पाहिलं, तर इथेल खुर्चीतून अर्धा उठला. "सगळं झाकून टाकलंय या माणसाने. खाली फोड आहेत की नुसती लाली, काही कळायला मार्ग नाही. भिंतीला रंग देताना तरी लोक आधी खिळे काढतात." मग तिचा दिवा खाली सरकला आणि नाकावर थांबला. शेंड्याच्या डाव्या बाजूला ओटच्या दाण्याएवढा एक फोड होता.

"हा कसा सुटला?"

"लहान होता," एल्वेड म्हणाला. "म्हटलं, एवढ्याशासाठी औषध कशाला वाया घालवा."

नेरिस हसली नाही. एल्वेडने तिला रागावलेली नेहमी पाहिली होती. आत्ता ती रागावलेली नव्हती, आणि ते त्याला जास्त वाईट वाटलं.

"चिलटं कपाळाच्या मधोमध रेघ आखून एकाच बाजूला चावत नाहीत, एल्वेड. इथेल, दुखणं आधी आलं की पुरळ आधी?"

इथेलने खडू उचलला. नेरिसने त्याच्या हातून पाटी काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली.

"तोंडाने."

इथेलने एल्वेडकडे पाहिलं. एल्वेडने दाराकडे पाहिलं. मग इथेल बोलला. तीन दिवसांचं गंजलेलं बोलणं, बिजागरी कुरकुरावी तसं बाहेर आलं.

"दुखणं. रविवारपासून. भाजल्यासारखं होतं. कंगवा लागला तरी. पुरळ काल आलं."

"रविवारपासून?" एल्वेड म्हणाला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास, बोलू नको."

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. सात मिनिटं झाली होती.

"नागीण आहे," नेरिस म्हणाली. "आणि नाकाच्या शेंड्यावर फोड असला की ती डोळ्यात उतरायची शक्यता असते. आजच डोळ्यांच्या डॉक्टरने बघायला हवं. आज म्हणजे आत्ता."

"आज तालीम आहे."

"मग तालीम त्याच्याशिवाय होईल."

"अगं, शनिवार जाऊ दे. सोमवारी पहाटेच नेतो मी त्याला. शब्द देतो."

"शब्द तू देशील. सोमवारी डोळा कोण देईल?"

एल्वेडने एक शेवटची खटपट केली. "गोळ्या तूच दे ना. ओल्वेन काकूंना कमरेला झाली होती नागीण, तेव्हा दिल्या होत्यास. डॉक्टर नाही, हॉस्पिटल नाही, आठवड्यात काकू नाचायला लागल्या."

"कमरेला डोळा नसतो."

दाराबाहेरून काकू म्हणाल्या, "नाचले नव्हते हो मी."

नेरिसने मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. तिथेही एक गोड मुलगी भरून ठेवलेली होती. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं ती दर मिनिटाला सांगत होती आणि मधल्या वेळात सतार-बासरीसारखं काहीतरी वाजत होतं. नेरिसने फोन खांदा आणि कान यांच्यात धरला आणि पंचवीस मिनिटांत काकूंचा गुडघा, एक मुरगळलेला घोटा आणि दोन खोकले निकालात काढले. घोट्याने विचारलं, "फोनवर कोण आहे?" ती म्हणाली, "अजून कुणी नाही." अखेर पलीकडे जिवंत माणूस आला, तेव्हा तिने अशा आवाजात पाच वाक्यं सांगितली की पलीकडच्याने सहावं विचारलं नाही.

मग तिने चिठ्ठी लिहिली. एल्वेडने ती उलटी वाचली.

"'रुग्णास मेव्हण्याने मेंढ्यांचा फवारा मारला आहे.' हे लिहायलाच हवं का?"

"हवं. नाहीतर ते जांभळा नवा आजार समजून परिसंवाद भरवतील. आणि जाताना घरी थांबून डबा घे बरोबर, त्यात काय काय होतं ते त्यांना कळू दे."

एल्वेडने गाडी काढली. शेजारी इथेल टोपी मांडीवर घेऊन बसला होता, आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला आवरेना. किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलपर्यंतच्या सव्वा तासात तो आपलं दुखणं, बायकोचं माहेर, मेंढ्यांचे भाव आणि एल्वेडची वीस वर्षांतली वागणूक यांवर बोलला. एल्वेड ऐकत होता. दर वळणावर त्याला वाटत होतं, हा गळा शनिवारसाठी होता.

डॉक्टरीण बाईंनी डोळा तपासला आणि सांगितलं की कडेला सुरुवात झाली होती, वेळेवर आलात. गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब आणि विश्रांती. गाणं नाही. डबा त्यांनी दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवला. गुरुवारी इथेलचा डोळा सुजून बंद झाला, शुक्रवारी जरासा उघडला, आणि दिसत होतं.

गावाला डोळ्याचं कौतुक दोन तास पुरलं. मग हिशेब लागला तो असा : डोळा वाचवला हॉस्पिटलने, इथेलचं गाणं घालवलं एल्वेडने, आणि नेरिसने काय केलं, तर बुधवारी पंचवीस मिनिटं फोनवर सतार-बासरी ऐकत लोकांना ताटकळत ठेवलं. दोन्ही खोकल्यांनी तशी तक्रार बोलून दाखवली. नागीण आतून येते, फवाऱ्याने होत नाही, हे कुणीच मानायला तयार नव्हतं. जांभळा रंग सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, नागीण कुणी पाहिली नव्हती. शुक्रवारी दुपारपर्यंत एल्वेडला नवं नाव मिळालं होतं. मेंढ्यांच्या खाद्याच्या दुकानात गोणी उचलताना त्याला ते मागून ऐकू आलं, जांभळा एल्वेड. त्याला कळलं की हे आता मुला-नातवंडांना जाणार.

शनिवारी इथेलचा तुकडा एम्लिन ब्रेडवाल्याने गायला. चार वृंद होते. चौथ्याची बस घाटात बिघडली होती, म्हणून त्यांचे अर्धेच लोक पोचले होते. कुम-एरिन तिसरं आलं. परतीच्या बसमध्ये कुणी एल्वेडशी बोललं नाही. सेक्रेटरी म्हणून त्याने सगळ्यांना सँडविच दिली, तीही लोकांनी त्याच्याकडे न बघता घेतली.

सोमवारी जेवणाच्या वेळेला, दुकान रिकामं असताना, एल्वेड इथेलचे पुढचे थेंब न्यायला आला. नेरिस उभ्याउभ्या चीजचं सँडविच खात होती. ती थेंब काढायला मागे गेली. एल्वेड पायाच्या पावडरीचे डबे वाचत राहिला. सगळे वाचून झाले तरी तो निघेना.

"अजून काही?"

"काही नाही."

"मग पावडर पाठ का करतोयस?"

एल्वेडने टोपी काढली, पुन्हा घातली. "सगळे म्हणतात, माझ्यामुळे गेला कप."

"ऐकलंय."

"तू सांगत नाहीस का त्यांना? फवाऱ्याने होत नाही ते?"

"रोज सांगते. ते हो म्हणतात, खोकल्याचं औषध घेतात आणि बाहेर जाऊन पुन्हा तेच बोलतात."

"मेन्नाही तेच म्हणते. इथेल काही म्हणत नाही. तो पुन्हा पाटीवर आलाय, आता माझ्यावर रागावून." एल्वेडने काउंटरवरची एक चुरगळलेली पावती बोटाने सरळ केली. "चार रात्री झोप नाही मला. झोपेची गोळी नकोय. एवढंच सांग. शनिवारी तू होतीस तिथे, तिसऱ्या ओळीत बसली होतीस, मी पाहिलं. आणि तुला कुणाचं मन राखता येत नाही, म्हणून तुलाच विचारतो. इथेल गायला असता, तर आपण पहिले आलो असतो?"

नेरिसने थेंबांची बाटली पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि ती त्याच्या हातात दिली.

"तिसरेच आला असतात, एल्वेड, त्याचा वरचा सूर चार वर्षांपूर्वीच गेलाय."